डावा गाल

दिवा राहू दे तेवढाच, मोठा करू नका. ही गोष्ट कुठं वाचलेली नाही की कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. ज्या बाईंची आहे त्यांच्या पट्ट्या मी माझ्या हातांनी बदलल्यात. तेव्हा मी डॉक्टरांच्या हाताखाली होतो, पेशंटच्या घरी ड्रेसिंगला जायचो. बाईंनी मला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

मंगळवार होता. संध्याकाळचे सात. बाईंची धाकटी बहीण कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात डोळ्यांचं मलम आणि स्ट्रॉ आणायला गेली होती. बाई तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकट्याच, पलंगावर चार उशांना टेकून बसल्या होत्या. चेहऱ्याच्या ऑपरेशनला पाच दिवस झाले होते.

आजार म्हणाल तर काही नव्हता. त्रेपन्न वर्षांची ठणठणीत बाई. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर पंचवीस वर्षं काढलेली. दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि आरसा पुढं धरायचा, हे काम. त्या आरशात गिऱ्हाइकाच्या खांद्यामागं बाईंचाही चेहरा दिसायचा, आणि दिवसातून चारदा तरी कुणीतरी म्हणायचं, "ताई, बरं नाही का आज? दमलेल्या दिसता."

बाई दमलेल्या नसायच्या. झोप झालेली असायची, डबा खाल्लेला असायचा. पण गाल खाली उतरलेले, पापण्या डोळ्यांवर आलेल्या. आपण दमलेलो नाही हे सांगता सांगताच त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी साठलेली सगळी रजा काढली आणि गाल नि पापण्या वर ओढून घेतल्या.

आणि आता घरी बसून नुसती चिडचिड. वाकायचं नाही, हसायचं नाही, चावायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. हनुवटीखालून डोक्यापर्यंत असा पट्टा आवळलेला की तोंड जेमतेम बोटभर उघडावं. कानामागं टाके, म्हणून चष्मा घालता येईना. उभा जन्म लोकांना चष्मे चढवले आणि स्वतःला पेपरातला मथळा लागेना. फोन चेहरा दाखवला की उघडायचा, तो आता सरळ नाही म्हणायला लागला. पण खरा वैताग होता तो गालांचा. दोन्ही गाल कानापासून नाकापर्यंत बधिर. सूप ओघळून हनुवटीवर आलं तरी पत्ता नाही. बहिणीनं समोरून खूण करायची, तेव्हा पुसायचं. तीन-चार महिने असंच चालेल, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले होते.

बहीण आली. पिशवी टेबलावर ठेवली.

"मलम मिळालं. स्ट्रॉ जाड्याच मिळाल्या."

"वारीक हांगितल्या होत्या," बाई पट्ट्यातून म्हणाल्या.

बहिणीला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण बाईंना दिसलंच.

"हस. तुला काय जातंय हसायला."

"अगं, तुला नाही हसले मी." बहिणीनं सूप गरम केलं, वाटी हातात दिली, आणि पाच दिवस मनात घोळत असलेलं शेवटी विचारलं. "ताई, आई असती तर केलं असतंस हे सगळं?"

आई जाऊन सात महिने झाले होते. शेवटची आठ वर्षं तिला दिसत नव्हतं. काचबिंदू. मुलगी चष्म्याच्या दुकानात, आणि आईच्या डोळ्यांचं कळेपर्यंत उशीर झालेला. हे बाई कधी कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. त्या दुकानातून आल्या की आई दारापर्यंत चाचपडत यायची आणि दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवायची. कपाळ, पापण्या, गाल. मग म्हणायची, "आज दमलीस गं." झालं. बाहेर लोक डोळ्यांनी बघून सांगायचे, घरी आई हातांनी बघून सांगायची. बाई मान झटकायच्या. "आई, हात काढ. आत्ताच आलेय मी." शेवटच्या दिवशी संध्याकाळीही त्यांनी अशीच मान झटकली. त्या रात्री आई झोपेतच गेली.

बहिणीच्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, "आई नाही, म्हणूनच केलं."

 बहिणीनं वाटी धुतली, औषधाच्या गोळ्या काढून ठेवल्या, पर्स उचलली.

"मी घरी जाते. सकाळी येईन. किल्ली आहे माझ्याकडे."

बाईंना 'थांब' म्हणायचं होतं. पण राग होता. बहिणीवर, पट्ट्यावर, त्या जाड्या स्ट्रॉवर. त्यांनी उठून दार लावलं, आतून कडी घातली आणि परत उशांना टेकल्या. साडेनऊ झाले होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांना जाग आली. समोर लाल आकड्यांचं मोठं घड्याळ होतं. ते तेवढं चष्म्याशिवाय दिसायचं.

कशानं जाग आली, हे आधी कळेना.

मग कळलं. डाव्या गालावर हात होता.

पाच दिवस त्या गालावर काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आणि आता कळत होतं. कोरडा तळवा. हलका.

"आलीस होय परत," बाई पुटपुटल्या. "झोपू दे गं आता."

हात तसाच राहिला.

बहीण कशी येईल... कडी आतून आहे.

बाई हलल्या नाहीत. डोळ्यांत मलम घातलेलं, सगळं धूसर. समोर काळोख तेवढा थोडा दाट वाटत होता. हात वर सरकला. कपाळ. एक पापणी. दुसरी पापणी. मग खाली गाल. पट्टा तसाच आवळलेला होता. बोटं पट्ट्याच्या आतून कानाकडे गेली.

थांबली.

पुन्हा कपाळ. पुन्हा पापणी. पुन्हा गाल. जिथं पूर्वी कातडी सैल असायची, तिथं बोटं घुटमळली. काहीतरी शोधत होती. सापडेना.

"बाई..."

आवाज अगदी जवळून आला. संकोचलेला. परक्याच्या घरात यावा तसा.

"बाई, तुम्ही कोण? ...आमची मुलगी आली का हो दुकानातून?"

 तो आवाज बाईंनी त्रेपन्न वर्षं ऐकला होता. त्यांना 'आई' म्हणायचं होतं. त्या हाकेला ओठ मिटावे लागत नाहीत, पट्टा आड येत नाही. तरी हाक निघेना. त्यांनी आपला हात उचलला, गालावरचा तो हात धरायला. तिथं काही नव्हतं. त्यांचाच तळवा त्यांच्याच गालाला लागला. आणि गालाला त्यांचा तळवा कळलाच नाही.

दुसरा हात मात्र कळत होता.

"उशीर झाला आज तिला," आवाज म्हणाला. "...बसते मी दारात."

हात उचलला जाऊ लागला. आधी करंगळी. मग बाकीची बोटं.

तेव्हा बाई चिडल्या. मला त्यांनी हाच शब्द सांगितला. भीती होती, पण त्याहून राग आला. स्वतःचा. आठ वर्षं आपण हाच हात झटकत आलो, आणि आज राहावासा वाटतो तर तो आपल्याला ओळखत नाही.

"थांब," त्या पट्ट्यातून म्हणाल्या. "आई, मीच आहे. दमलेय गं मी. खूप दमलेय."



...

हात परत टेकला. पूर्ण तळवा. त्यानंतर तो शोधत फिरला नाही. आवाजही आला नाही. बाई रडत होत्या, आणि अश्रू कुठून कुठं ओघळतायत ते त्यांना कळत नव्हतं. फक्त त्या हाताखाली कळत होतं. तीन वाजले. चार वाजले. घड्याळात पाच दिसले तेव्हा गालावर काही नव्हतं.

सकाळी बहिणीनं किल्ली फिरवली, दार उघडेना. कडी आतूनच होती. तिनं बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बहीण घाबरली. "अगं, टाके सांभाळ," एवढंच म्हणाली. पण तिनं त्यांना सोडलं नाही.

मी नऊला ड्रेसिंगला गेलो. बाईंनी मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, झोपेच्या गोळ्यांनी असं होतं, बाई. तुम्ही असता तर तुम्हीही तेच म्हटलं असतं.

दहाव्या दिवशी त्या टाके काढायला दवाखान्यात आल्या. टाके निघाले, सूज बरीच उतरली होती. डॉक्टरांनी कापसाचा पीळ घेतला आणि कुठं कळतं नि कुठं नाही ते बघायला लागले. निळं पेन हातात. जिथं कळेल त्याच्या कडेला ठिपका द्यायचा. ही त्यांची नेहमीची रीत. उजव्या गालावर एकही ठिपका पडला नाही.

डाव्या गालावर पडू लागले.

"डोळे मिटूनच ठेवा. इथं?"

"हो."

"इथं?"

"नाही."

"आणि इथं?"

"हो. स्वच्छ कळतंय."

डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. पुन्हा पहिल्यापासून तपासलं. ठिपके तिथंच पडले. मग त्यांनी ते एकमेकांना जोडले. मी ट्रे धरून शेजारी उभा होतो. रेघ कानाकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. चार वेळा. मग नाकाकडे एकदाच. डॉक्टरांनी पेनाला टोपण घातलं. 

मग हळूच म्हणाले, "बाई, तुमचा हात ठेवून बघा जरा यावर."

बाईंनी डावा हात ठेवला. जुळेना. उजवा ठेवला. तोही जुळेना. डॉक्टरांनी नर्सला बोलावलं आणि बाईंच्या समोर उभं राहून हात ठेवायला सांगितलं. तिनं उजवा हात पुढं केला.

बोटं कानाकडे, अंगठा नाकापाशी. रेघेवर रेघ बसली. फक्त नर्सचा हात थोडा मोठा पडला.