कपाची रिकामी खुंटी

सोमवारी सकाळी नऊ वाजता दक्षता विभागातला फोन खणखणला.

"बाई, चोरी झालीय. पण काय चोरलंय ते ऐकून तुम्ही हसाल."

बोलत होती पाणीपुरवठा कार्यालयाच्या नकाशा विभागातली कनिष्ठ अभियंता. चोरीचा माल असा: टेबलावरची नावाची पाटी, चहाचा एक कप, भिंतीवरची वाढदिवसांची यादी आणि एक ग्रुप फोटो.

दक्षताबाई हसल्या नाहीत. सगळं कार्यालय त्यांना याच नावाने ओळखे.

"या वस्तू कोणाच्या?"

"फोटोत आम्ही सगळेच आहोत. बाकी सगळं अण्णांचं. आणि अण्णा शुक्रवारी काम सोडून गेले."

अण्णा म्हणजे कंत्राटी नकाशेवाले. अकरा वर्षं कंत्राटावर, दर वर्षी नवी सही. जमिनीखाली कुठला नळ कुठे वळतो हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि आता नियम बदलला होता. कंत्राटी माणूस स्वतंत्र व्यावसायिक आहे की नावापुरता कंत्राटी नि प्रत्यक्षात नोकर, हे पूर्वी तो स्वतःच ठरवायचा. आता ते कार्यालयाने ठरवायचं होतं. नोकर ठरला तर कर नोकरासारखा कापायचा, पण रजा नाही, पेन्शन नाही. कापताना आपला, देताना परका. असला न्याय सुचायला कागदच लागतो.

बाई तासाभरात पोचल्या. खोलीत सात खुंट्या होत्या, सहा कप. अण्णांचं टेबल खिडकीशी होतं. त्यांचं भिंग, पाठीमागची उशी आणि नकाशे चिकटवायच्या खळीची डबी जिथल्या तिथे होती.

"स्वतःचं सामानही न्यायला थांबले नाहीत," अभियंता म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

बाईंनी डबी उघडली. खळ निळसर होती.

"मोरचूद घालतात," ती म्हणाली. "जुन्या नकाशांना कसर लागू नये म्हणून."

"हे खिडकीजवळचं टेबल आता कोणाला?"

तिचा चेहरा उतरला. "मलाच. मी मागितलं होतं, पण मागच्या वर्षी, गमतीत! बाई, मी पाटी चोरीन का हो?"

"वस्तू कुठल्या क्रमाने गेल्या?"

"मंगळवारी पाटी. बुधवारी कप. गुरुवारी सकाळी जुनी यादी जाऊन नवी लागली, अण्णांचा वाढदिवस गाळून. अण्णा तिच्यापुढे बराच वेळ उभे होते. फोटो आज नाहीसा झालेला दिसला."

फोटोच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरला होता. बाईंनी खिळ्याच्या जागेवर बोट फिरवलं. भोक बुजवलेलं होतं, अगदी सफाईने.

लेखाधिकारी पलीकडच्या खोलीत बसत. माणूस फटकळ.

"अण्णा गेले, तुमची डोकेदुखी गेली, नाही का?"

"खोटं कशाला बोलू? निर्णय चुकला तर भुर्दंड कार्यालयाला. मी म्हणालो होतो, ठेवू नका. पण कप पळवायला मी काय लहान पोर आहे?"

"अण्णा नोकर की स्वतंत्र, त्या तपासणीचा फॉर्म तुम्ही कधी पाहिलात?"

"गुरुवारी दुपारी. भाऊसाहेबांनी आणून दिला. टपाल तेच उघडतात."

बाईंनी तो फॉर्म मागून घेतला आणि उभ्या उभ्याच वाचला. चौथा प्रश्न: नावाची पाटी आहे का? पाचवा: चहापाण्याच्या सोयीत वाटा आहे का? सहावा: वाढदिवस वगैरे प्रसंगांत कर्मचारी म्हणून गणना होते का? सातवा: सामूहिक छायाचित्रांत समावेश आहे का? खाली अण्णांची सही होती. सहीच्या वर छापलेलं होतं: "माझ्या माहितीप्रमाणे या तपासणीसाठी कार्यालयातील व्यवस्थेत कोणताही बदल केलेला नाही."

शेवटच्या रकान्यात अण्णांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती. ती वाचून बाईंनी चष्मा काढला आणि पुसला.

भाऊसाहेब हेडक्लार्क होते. अकरा वर्षं अण्णांसोबत एकाच टेबलावर जेवणारा माणूस. बाई आत आल्या तेव्हा ते कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. मागून अभियंता आणि लेखाधिकारीही दारात येऊन उभे राहिले.

"भाऊसाहेब, कपाट उघडता?"

त्यांनी किल्ली पुढे केली. खालच्या कप्प्यात पाटी होती, जुनी यादी होती, आणि वर्तमानपत्रात जपून गुंडाळलेला कप.

"तुम्ही?" अभियंता ओरडली. "अहो, तुम्ही तर त्यांचे..."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "खुन्नस असती तर भिंग गेलं असतं, उशी गेली असती. अण्णांच्या स्वतःच्या वस्तूंना कोणी हात लावला नाही. गेलं ते फक्त कार्यालयाने दिलेलं. तेही फॉर्मातल्या प्रश्नांच्या क्रमाने, मंगळवारपासून. लेखाधिकाऱ्यांना फॉर्म गुरुवारी मिळाला. त्याआधी तो एकाच माणसाने उघडला होता. अण्णा आपल्यातले आहेत याच्या सगळ्या खुणा पुसायच्या, म्हणजे ते स्वतंत्र ठरतील आणि त्यांचं काम टिकेल. बरोबर ना, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनी मान हलवली. "मला वाटलं, एवढा आठवडा निभावला की सगळं परत लावीन."

"मग त्यांना सांगायचं ना एका शब्दाने!"

"ती सहीवरची ओळ वाचलीत ना? माहीत असतं तर त्याने सही केली नसती. मेला असता, पण खोटी सही केली नसती. अकरा वर्षं बघतोय मी त्याला." त्यांनी कोरा कागद बाजूला सारला. "गुरुवारी त्याने मला विचारलं, भाऊ, माझं काही चुकलं का? मी म्हणालो, कामात आहे, नंतर बोलू."



"वरच्या कार्यालयाचा निकाल आलाय सकाळी," लेखाधिकारी हळूच म्हणाले. "स्वतंत्र व्यावसायिक. पण नव्या कंत्राटावर त्यांनी सहीच केली नाही."

"निकाल कप-पाटी लपवल्यामुळे नाही, त्यांच्या या ओळीमुळे लागला, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या आणि फॉर्ममधली ती ओळ वाचून दाखवली: "मी इथला आहे असं मला वाटत होतं. तो माझा गैरसमज होता."

भाऊसाहेबांनी टेबलावर डोकं टेकलं आणि ते रडले. साठीला टेकलेला माणूस, सगळ्यांसमोर.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "पण बाई, फोटो मी नाही घेतला. तो काढायला मन धजलं नाही. आज येऊन बघतो तर भिंत रिकामी."

"माहीत आहे मला. खिळ्याचं भोक निळसर खळीने बुजवलंय. शुक्रवारी संध्याकाळी जाताना अण्णांनी स्वतःचं सामान सोडलं आणि तुम्हा सगळ्यांचा फोटो नेला. भिंत तेवढी नीट करून गेले."

भाऊसाहेबांनी अण्णांच्या घरी फोन लावला. पलीकडे अण्णांची बहीण होती. खोली शांत असल्यामुळे तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"दादा पहाटेच गेला, भाच्याकडे. इथे मन रमत नाही म्हणाला."

"तिकडचा नंबर?"

ती जरा घुटमळली. "कार्यालयातून कोणी मागितला तर देऊ नकोस म्हणालाय. रागावू नका हं."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला.

बाईंनी अहवालाची वही काढली. "हे लिहिलं तर पुराव्यात ढवळाढवळ म्हणून तुमच्यावर कारवाई होईल. अण्णांना झळ नाही, त्यांचं कंत्राट संपलंय. आणि ज्याच्याबद्दल अहवाल असतो त्याला एक प्रत टपालाने पाठवावीच लागते, त्याच्या घरच्या पत्त्यावर. नियमच आहे तसा. तिथून बहीण ती पुढे पाठवील."

भाऊसाहेब पटकन म्हणाले, "सगळं लिहा. काही गाळू नका. मी गुरुवारी काय बोललो तेही लिहा."

"वाचूनही ते येतील असं नाही."

"नाही येणार. मी ओळखतो त्याला. पण त्याला कळू दे."

बाईंनी तासभर लिहिलं. शेवटी जप्त वस्तूंचा तक्ता आला. कप, पांढरा, नग एक.

"मालक म्हणून काय लिहू? कार्यालय?"

भाऊसाहेबांनी दारातून दिसणाऱ्या रिकाम्या खुंटीकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "आमचे अण्णा, असं लिहा."

बाईंनी तसंच लिहिलं आणि वही सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवली.