नेटकाच्या डाव्या हाताची बोटं

नेटकाचं पत्र येऊन महिना झाला, तरी आजोबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. नकाशांच्या जाड पुस्तकात, हिंदी महासागराच्या पानात ते पत्र दडवलेलं होतं. जुईलीला हे ठाऊक होतं. आजोबा रोज ते पान उघडत, पत्र वाचत, पेनाचं टोपण काढत, कोऱ्या कागदाकडे बघत बसत आणि टोपण परत लावून टाकत.

नेटका हा आजोबांनी निवृत्त होण्यापूर्वी बनवलेला शेवटचा यंत्रमानव. टेकडीवरच्या रुग्णालयात तो नव्या कर्मचाऱ्यांना शिकवायचा. रक्त हाताळताना आपल्याला रोग लागू नये म्हणून काय करायचं, हा त्याचा विषय. पत्रात त्यानं लिहिलं होतं, ‘सर, मी सगळं नियमाप्रमाणे शिकवतो. कर्मचारी सगळं नियमाप्रमाणे करतात. तरी वापरलेल्या सुया त्यांच्या बोटांत घुसतात. माझं काय चुकतं?’

“कळलं असतं तर लिहिलं नसतं का?” आजोबा पुटपुटत. माणसांशी बोलताना ते अडखळत, आणि यंत्रमानवांशी बोलतानाही. “त्याला बनवताना मीच कुठंतरी चुकलो असणार.”

आता तर प्रश्न घरातच येऊन बसला होता. जुईलीच्या आईला त्याच रुग्णालयात नोकरी लागली होती. सोमवारपासून ती रुग्णांचं रक्त तपासणीसाठी काढणार होती. त्याआधी घरीच नेटकाचा सराववर्ग होता. वेळ झाली तशी बैठकीची भिंत उजळली आणि त्यात नेटका दिसू लागला.

“नमस्कार, वैजयंतीताई. नमस्कार, सर. माझ्या पत्राचं...”

आजोबा घाईघाईनं वर्तमानपत्राआड झाले.

“बाबा, पेपर उलटा धरलाय तुम्ही,” आई म्हणाली.

नेटकानं विचारलं, “जुईली, कोणाचं रक्त धोक्याचं?”

“जो आजारी दिसतो त्याचं!”

“दिसण्यावरून कळत नाही. एचआयव्हीचे किंवा काही प्रकारच्या काविळीचे विषाणू (जिवंत पेशीत शिरूनच वाढणारे, साध्या डोळ्यांना न दिसणारे रोगकारक) अंगात असूनही माणूस ठणठणीत दिसू शकतो. लागण अगदी नवी असेल, तर तपासणीतही ते सापडत नाहीत.”

“मग ओळखायचं कसं?”

“ओळखत बसायचंच नाही. प्रत्येकाच्या रक्ताबाबत सारखीच काळजी घ्यायची. डॉक्टरांच्या, शेजाऱ्यांच्या, तुझ्याही.”

“माझ्या? मी काय रोगट आहे?”

“नाहीस. पण नियम सगळ्यांना सारखा असला, की कुणालाच वेगळं बसवावं लागत नाही.”

जुईलीला हे पटलं, पण गोंधळ काही कमी झाला नाही. हातमोजे होते, हात धुणं होतं, काळजीही सगळ्यांसाठी सारखी होती. तरी सुया टोचत कशा होत्या?

पुढं नेटकानं सरावाची सुई उचलली. “काम झालं की उघडलेलं झाकण परत लावायचं.” त्यानं लावलं. आईनंही लावलं.

“शाब्बास,” नेटका म्हणाला.

“यात कुठं चूक आहे?” आजोबा पेपरामागून हळूच म्हणाले. “डबा असो, बाटली असो, घरात आपण हेच तर करतो.”

“माझंच धांदरटपण आडवं येणार बहुतेक,” आई म्हणाली. हसत म्हणाली खरी, पण झाकण तिनं पुन्हा एकदा दाबून बघितलं.

जुईलीनं उगाचच विचारलं, “नेटका, तुझे हात बघू?”

नेटकानं दोन्ही तळवे पुढं केले. जुईलीनं भिंतीवरचं चित्र मोठं केलं. उजव्या हाताची धातूची बोटं चमच्यासारखी चकाकत होती. डाव्या बोटांची टोकं मात्र बारीक ओरखड्यांनी भरलेली होती.

“हे कशानं झालं?”

“ठाऊक नाही. मला दुखत नाही, त्यामुळे लक्षात येत नाही.”

“पण डावीकडेच का?”

जुईलीची नजर आजोबांच्या हातांकडे गेली. पेपर धरलेल्या डाव्या बोटावर निळा डाग होता. तो तर रोजच असायचा.

“आजोबा, तुम्ही लिहिता उजव्या हातानं. मग शाई डाव्या बोटाला कशी?”

आजोबांनी पेपर खाली ठेवला. पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. चौथ्या की पाचव्या वेळी निब टोपणाच्या कडेवरून निसटली आणि टोपण धरलेल्या बोटाला लागली. एक ताजा निळा ठिपका उमटला.

“अरेच्चा!” आजोबा उभेच राहिले. “वैजू, दोन्ही हात एकमेकांकडे येतात. टोपणाचं तोंड एवढंसं. नेम जरा हुकला, की टोक थेट दुसऱ्या हातात! पेनाचा असतो शाईचा ठिपका. सुई पोकळ असते, तिच्यात दुसऱ्याचं रक्त उरलेलं असतं. पातळ हातमोजा तिला कुठला अडवतोय?”

“आणि नेटकाला ते टोचलेलं कधी कळलंच नाही,” जुईली म्हणाली.

“मग सुई उघडीच टाकायची?” आईनं विचारलं.

“झाकण लावायचंच नाही. शेजारीच जाड भिंतींची सुईपेटी (सुई आरपार जाणार नाही असा डबा) ठेवायची आणि सुई सरळ तिच्यात सोडायची. पेटी काठोकाठ भरू द्यायची नाही. ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस आधीच घ्यायची. तरी टोचलीच, तर बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि लगेच सांगायचं. लाजून गप्प राहायचं नाही. काही औषधं लवकर घेतली तरच लागण टळू शकते.”

आजोबा एका दमात इतकं बोललेले जुईलीनं कधीच ऐकलं नव्हतं.

“सर, मला पटलं,” नेटका म्हणाला. “पण मला नियम बदलता येणार नाही. कुणी भलतंसलतं शिकवून मला बिघडवू नये, म्हणून तुमच्या सहीचं पत्र टपालानं आल्याशिवाय मी नियम बदलत नाही. तुम्हीच तसं ठरवलंय.”

आजोबा मटकन बसले. “आणि हेही चुकलं तर?”

“तर तो पुन्हा पत्र लिहील,” जुईली म्हणाली. “फक्त या खेपेला महिना लावू नका.”

“बाबा,” आई हळूच म्हणाली, “सोमवारी त्या सुया माझ्या हातात असणार आहेत.”

आजोबांनी कागद ओढला. दोन ओळी खोडल्या, तिसरी ठेवली, खाली सही केली. तेवढ्यात गल्लीत चालत्या टपालपेटीची घंटा वाजली. पाकीट घेऊन आजोबा अनवाणीच धावले. चाकांवरची पेटी वळणावर पोचली होती. “थांब गं बाई!” ते ओरडले. पेटी थांबली, तिनं झडप उघडली आणि पाकीट आत पडलं.

खिडकीतून जुईली बघत होती. तिच्यामागं टेबलावर आजोबांचं पेन स्टीलच्या उंच पेल्यात, टोक खाली करून उभं होतं. टोपण बाजूला पडलं होतं.