बुट्टीभर कचऱ्याचा उजेड

हरणा गिरणीच्या दारात वळली आणि डोक्यावरची बुट्टी समोरून येणाऱ्या माणसाच्या अंगावर ओतली गेली. शेंगांची फोलपटं, हळदीची वाळकी पानं, कागदाचे कपटे... सगळं त्याच्या केसांत.

"आवं, बघून चालावं की," ती म्हणाली. चूक तिचीच होती, पण कबूल कोण करतंय?

"बघतच हुतो," केसांतलं फोलपट काढत तो म्हणाला. "म्हनून तर धडकलो."

हा कृष्णात. मेढ्याकडचा गडी, गिरणीच्या बॉयलरवरचा नवा आगवाला. लढाईमुळं सांगलीला कोळसा मिळेना, तेव्हा मालक आप्पासोंनी शक्कल काढली होती. पेठेतल्या घरांनी नि दुकानांनी सुका कचरा आणून द्यायचा, तो बॉयलरखाली जाळायचा, वाफेवर डायनामो फिरवायचा. गिरणीतही वीज आणि चौकातही. पेठ आधी पोट धरून हसली. चौकात दिवे लागल्यावर मुकाट्यानं बुट्ट्या भरू लागली.

पाडव्यापर्यंत दिवे न विझता जळले तर कृष्णातची नोकरी पक्की, असा आप्पासोंचा शब्द होता. नाहीतर गावच्या पोरांसारखं पलटणीत नाव द्यायचं त्यानं ठरवलं होतं. हे कळल्या दिवसापासून हरणाला रोज कचरा सापडू लागला.

दिवस मावळताना ती यायची. भट्टीचं दार उघडलं की तांबूस उजेड त्याच्या गालावर पसरायचा, भाजल्या फोलपटांचा खमंग वास दरवळायचा आणि हरणाला निघायचं सुचायचंच नाही.

"आज काय आनलंय?"

"कचरा. दुसरं काय आननार?"

"त्यो दिवा बघा, थरथरतोय. तुमच्याच बुट्टीचा दिसतोय."

"कशावरनं?"

"लाजतोय जरा..."

घरी जाताना ती चौकातल्या दिव्याकडं बघत उगाच हसायची. इकडं ती जिच्या घरी राहायची ती तानुआत्या शेजारणींना सांगत सुटली होती, "भाची लय नीटनेटकी हाय माजी." मग एक दिवस घरातली केरसुणीच सापडेना, तेव्हा तिला जरा शंका आली.

आप्पासोंच्या लेकीचा साखरपुडा गिरणीच्या अंगणात, विजेच्या दिव्यांखाली ठरला. नेमका त्या दिवशी आत्याच्या घरात काडीचाही कचरा नव्हता. आणि हरणाला तर जायचंच होतं. तिनं गोठ्यामागची भिजकी फोलपटं बुट्टीत भरली, वर दोन मुठी वाळकी पानं पसरली. कृष्णात प्रत्येकाच्या बुट्टीत तळापर्यंत हात घालून बघायचा. हिची बुट्टी आली की त्याची नजर बुट्टीपर्यंत पोचायचीच नाही. त्यानं ती तशीच भट्टीत रिकामी केली.

भट्टी धुरानं भरली. वाफ उतरली. सासूच्या बोटावरचं कुंकू नवरीच्या कपाळाला टेकायच्या आत अंगणातले दिवे तांबडे झाले नि विझले.

"कुनाची बुट्टी घातलीस?" आप्पासो भट्टीपाशी येऊन कडाडले.

"चूक माजी हाय," कृष्णात म्हणाला. "बघायचं काम माजं हुतं."

"मग उद्या गाठोडं बांध."

त्यानं मान डोलावली. हरणा ऐकत होती. हा जाणार... तोही लढाईवर. आत्या बघतेय, पाहुणे बघताहेत, कशाचं भान न ठेवता ती पुढं झाली.

"बुट्टी माजी हाय. वलं मी आनलं."

"का गं?" आप्पासोंनी विचारलं.

"घरात सुका कचरा उरला न्हवता."

"मग यायचंच कशाला?"

हरणा पदराचं टोक पिळत राहिली.

"आल्याबिगर... ह्यांचं त्वांड दिसत न्हाई."

अंधारात कुणीतरी खुदकन हसलं. ती नवरीच होती. "आप्पा," ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की त्यास्नी हितंच."

आप्पासोंनी दोनदा घसा खाकरला. भरल्या अंगणात लेकीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. "गाठोडं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आदी दिवं लाव."

कृष्णातनं ओलं बाहेर ओढलं, सुकं आत सारलं. हळूहळू दिव्यांच्या तारा लाल झाल्या, मग पिवळ्या. त्या उजेडात तो काजळी भरल्या तोंडानं बाहेर आला आणि आत्यादेखत हरणासमोर उभा राहिला. आजवर तो तिला तुम्हीच म्हणत आला होता.

"उद्यापास्नं बुट्टी नगं आनूस," तो म्हणाला. "नुसती ये."