न भरलेली ओटी

प्रताप नगरच्या गल्लीत थंडी अशी उतरली होती की शेकोटीपासून कोणी हलेना. श्रीधरकाकांनी मफलर कानांवरून ओढून घेतला.

"काका, भुताची सांगा. मागच्यासारखी फुसकी नको," विक्की म्हणाला.

"भूत म्हणू नको गा तिले. मागच्या गल्लीतल्या गिरिधरपंतांकडे झालेलं हाय. गेल्या वर्षी, भोगीच्या आदल्या रात्री. खोटं वाटत असन तर उद्या जाऊन विचार."

आणि काका सांगू लागले.

त्या संध्याकाळी गिरिधरपंत दवाखान्यातून निघाले ते नातीसाठी दुधाचा डबा घ्यायला. सून वैदेही बाळंतपणात फार रक्त जाऊन आयसीयूत पडलेली, तोंडात नळी. मुलगा गौरांग बाहेरच्या बाकावर. बाळ धडधाकट, म्हणून घरी पाठवलेलं. पण ते डब्याचं दूध तोंडात धरेना. "रात्रीतून प्यायली नाही, तर सकाळी हिलाही भरती करू," डॉक्टर म्हणाले होते.

लिफ्टपाशी एक स्ट्रेचर उभं होतं. चादर डोक्यावरून ओढलेली. सोबतीला फक्त वॉर्डबॉय.

"बाळंतीण होती जी. बाळही गेलं. घरचे अजून पोचले नाही."

चादरीतून एक हात लोंबत होता. मनगटात हिरव्या बांगड्या तशाच. पंतांनी तो हात अलगद आत सारला, मनातल्या मनात नमस्कार केला आणि निघाले.

घरी बाळाचा टाहो फाटकापर्यंत येत होता. बाळ असलेल्या घरात बाहेरून आलेल्यानं आधी पाय धुवावे, मगच आत जावं, नाहीतर बाहेरचं काही पाठोपाठ येतं म्हणतात. पंतांच्या पत्नी यमुताई असत्या तर त्यांनी उंबऱ्यावरच अडवलं असतं. पण त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. पंत तसेच, धुळीच्या पायांनी, पाळण्यापाशी गेले.

"भाऊजी, पाय धुतले काय?" दिवसभर बाळ सांभाळणाऱ्या शेजारच्या पंचफुलाबाईंनी विचारलं.

"धुतो, धुतो. तुम्ही जा आता, घरी वाट पाहत असतीन."

"एकटे राहसान?"

"तीन वर्षं काय करून राहिलो मग?" पंत हसले. पंचफुलाबाई हसल्या नाहीत.

त्या गेल्या आणि पंत पाय धुवायचे विसरले.

दूध कालवलं. बाटली तोंडाशी धरली. बाळानं मान फिरवली. चमच्यानं पाजलं, ओघळून गेलं. मांडीवर थोपटलं, अंगणात फिरवलं, देवघरातल्या समईसमोर नेलं. रडून रडून बाळाचा आवाज बसला, तशी पंतांनी त्याला पाळण्यात ठेवलं. भरलेली बाटली स्टुलावर. "यमू, मले नाही जमत गं," ते भिंतीवरच्या फोटोला म्हणाले. खुर्चीत बसले आणि डोळा लागला.

जाग आली ती शांततेनं.

बाळ रडत नव्हतं.

पाळण्याची कडी वाजत होती. कर्र... कर्र...

आणि मधेच, किण.

वैदेहीच्या बांगड्या तर दवाखान्यात काढून दिल्या होत्या. कपाटात होत्या. मग...

समईच्या उजेडात पंतांना हात दिसला. नुसता हात. पाळण्याच्या दोरीवर. हिरव्या बांगड्यांचा.

ओरडावंसं वाटलं. खुर्ची घट्ट धरली. एकच विचार. ही बाळ घेऊन जाणार. रिकाम्या हातानं गेलेली बाई... ही बाळ नेणार.

कर्र... कर्र...

फोटोतली यमू बघत होती. तिला नेलं त्या दिवशी बायकांनी आधी तिची ओटी भरली होती. सवाष्ण गेली की रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत.

हिची कोणी भरली असेल? स्ट्रेचरवर?

पंत उठले. कसे उठले ते त्यांनाच ठाऊक. पाट मांडला. ताटात तांदूळ, सुपारी, हळदकुंकू, यमूचा घडी न मोडलेला खण. घाईत निम्मं कुंकू तांदळावर सांडलं. ओटी घेतली की यमू चिमूटभर तांदूळ परत ताटात टाकायची, देणाऱ्याचं घर भरलेलं राहावं म्हणून. तेवढंच त्यांना आठवलं.

"बाई... मले नीट येत नाही. बापया माणूस हाय मी. गोड मानून घे."

कडी थांबली.

"पण पोरगी... पोरगी आमची राहू दे वं."

...

पंतांनी डोळे मिटले. ओठांवर रामरक्षा, तीही मधे मधे तुटणारी. पाळण्याकडून बारीक आवाज येत होता. चुट... चुट... बाळ पिताना होतो तसा. डोळे उघडायची छाती झाली नाही.

उजाडलं. पंचफुलाबाईंनी दार वाजवलं. ताट लख्ख रिकामं होतं. खण नाही, सुपारी नाही, तांदळाचा दाणा नाही. बाटली मात्र भरलेली, तशीच. बाळ तृप्त झोपलेलं.

तेवढ्यात गौरांगचा फोन. त्याला नीट बोलता येईना. "बाबा... वैदेहीनं डोळे उघडले. नळी हाय, बोलता नाही येत. हातानं पाळणा करून विचारून राहिली, बाळ कसं आहे..."

पंतांनी फोनच पुढे केला. पंचफुलाबाईंनी डोळे पुसले आणि बाळाला न्हाऊ घालायला उचललं. नवं दूध कालवून दिलं, तर पठ्ठीनं गटागटा ओढलं.

"हिची मूठ पहा ना भाऊजी, किती घट्ट," त्या म्हणाल्या आणि एकेक बोट सोडवू लागल्या.

मुठीत कुंकू लागलेले तांदूळ होते. चिमूटभर.