राखाडी मालगाडी

सावंगीच्या रस्त्यावर ताराचंदजींचं दातांच्या सामानाचं दुकान आहे. साचे घ्यायची पावडर, मेणाच्या वड्या, चिमटे, नाना तऱ्हेची टोकदार हत्यारं. अशा दुकानात हौसेनं कोणी शिरत नाही. येणारे एक तर डॉक्टर, नाही तर डॉक्टर होऊ घातलेली पोरं, नाही तर अस्मितासारखे लॅबवाले.

अस्मिता जवळच्याच एका लॅबमध्ये दातांच्या कॅपना रंग द्यायची. माणसाचे दात पांढरे असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिच्याजवळ घटकाभर बसावं. कोणाचा पांढरा पिवळसर, कोणाचा निळसर, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचा तर विचारूच नये. शेजारच्या दाताशी ती कॅपचा रंग असा जुळवायची की खुद्द मालकालाही आपला कोणता आणि बसवलेला कोणता ते कळू नये. नजर तिची तेज होतीच, पण त्याहून तेज होता चौकसपणा.

म्हणून त्या डिसेंबरातल्या दुपारी दुकानात तिच्या पुढे उभा असलेला उंच, सावळा माणूस तिला लगेच खटकला. त्यानं दात टोकरून पाहायचा बारीक टोकाचा प्रोब मागितला, घासायच्या पट्ट्या मागितल्या, आणि सगळं नंबर सांगून. ताराचंदजींनी विचारलं, लाल दांडीचा देऊ की हिरव्या? तर म्हणाला, दांडीचं काही नाई, बारा नंबर पाहा.

"कोणत्या कॉलेजचे तुम्ही?" तिनं विचारलंच.

"कॉलेज नाई. पोस्टात आहो, वर्ध्याले."

"आता पोस्टात दातही काढून देते काय?"

तो हसला. हसला म्हणजे ओठ दाबून, मान खाली घालून. मग सांगावं की नाही असं करत करत म्हणाला, "मी... मालगाडीचे डबे बांधतो."

आणि खिशातून कागदाची पुडी काढून त्यानं तिच्यासमोर उघडली. आत एक शिडी होती. आगकाडीहून लहान, आणि तिला नीट पायऱ्या.

अस्मिता वाकली. श्वास रोखून तिनं पायऱ्या पाहिल्या. एरवी दिवसभर दाढांच्या खाचा कोरणारी ती, पण असलं काम तिनं पाहिलं नव्हतं.

"हिच्यावर कोण चढते?"

"आजून तरी कोणी नाई," तो म्हणाला, आणि पुडी बंद करता करता एकदा तिच्याकडे पाहिलं.

त्याचं नाव धनंजय. घर अल्लीपूरचं, वडील रूपराव शेती करत. हा सावंगीत यशोदाबाईंच्या माडीवर खोली घेऊन राहायचा. एवढं ताराचंदजींनी तो गेल्यावर न विचारता सांगितलं. विचारलं असतं तर आणखी सांगितलं असतं, पण अस्मिताला पुढचं स्वतःच शोधायचं होतं.

पुढच्याच शनिवारी ती यशोदाबाईंच्या दारात उभी राहिली. हातात लॅबमधल्या जुन्या, निरुपयोगी झालेल्या प्रोबची पुडी. टाकून देण्यापेक्षा कोणाच्या कामी यावं, एवढंच तिचं म्हणणं. यशोदाबाईंनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, पुडी पाहिली आणि म्हणाल्या, "जाय वर. पन दार उघडं राहू दे, चाय मीच घेऊन येतो."

खोलीत एक खाट, एक टेबल, आणि भिंतीला लागून लांबच लांब फळी. फळीवर रूळ, रुळांवर मालगाडी. बंद डबे, उघडे डबे, टाक्या, शेवटी गार्डचा डबा. प्रत्येक डब्याला शिड्या, कड्या, दारांच्या बिजागऱ्या, ब्रेक फिरवायचं चाक. फलाटावर बाक आणि वजनकाटा सुद्धा. खोक्यातून सुटे भाग येतात, तो सांगू लागला, एका जाळीत जडवलेले. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे. घाई केली की डिंक ओघळतो आणि महिन्याची मेहनत वाया जाते. दुकानात चार शब्दांना महाग असलेला माणूस इथे थांबता थांबेना.

पण अस्मिताचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं.

"हे सगळे राखाडी काऊन?"

तो बोलायचा थांबला. "प्लास्टिकच तसं येते."

"मंग रंग?"

"देईन... नंतर."

खोक्यावरच्या चित्रात डबे तांबडे होते. टेबलावर रंगाची एकही बाटली नव्हती. आणि फळीच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या खाली, एक खोकं होतं ज्याची चिकटपट्टीही काढलेली नव्हती. चित्र सिग्नलचं. जुन्या तऱ्हेचा, खांबाला हात असलेला. तिनं ते उचललं तर म्हणाला, "ते राहू दे. नंतर."

सगळंच नंतर. अस्मिता त्या दिवशी घरी गेली ती हा 'नंतर' डोक्यात घेऊनच.

ती पुन्हा गेली, आणि मग जातच राहिली. कधी पट्ट्या द्यायला, कधी मेण, कधी काहीच नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. चहा आणता आणता यशोदाबाई तिथेच बसायच्या. त्यांचं माहेर एका लहानशा स्टेशनाजवळचं. "सिग्नलचा हात आडवा असला का आम्ही खेळत बसो," त्या सांगायच्या. "हात खाली आला का कोनीतरी वरडे, सिग्नल पडला! मंग समदे गाडी पाहाले फाटकाकडं पळो." त्या बोलत असल्या की धनंजय चाकं घासत बसायचा, वर पाहायचा नाही.

परसात बोराचं झाड होतं. एकदा तिनं पिकलेली बोरं मागितली, तर तो खाली वाकलेल्या फांदीवरचं एकेक बोर बोटांत दाबून पाहू लागला. एवढी लालभडक समोर लटकत असताना! तिनं चिडवलं, की बोरं तोडून राह्यला का नाडी पाहून राह्यला. तो म्हणाला, नजरेवर भरवसा नाई माझा. तिला वाटलं गंमत करतोय.

ती प्रेमात पडली होती. हे तिला स्वतःला कळलं ते लॅबमध्ये एका दाढेची खाच कोरताना, आणि कळल्यावर ती एकटीच हसली. त्यालाही आपण आवडतो, हे दिसत होतं. ती आली की त्याच्या हातून काहीतरी पडायचंच. पण तो बोलत नव्हता. ओठापर्यंत यायचं, आणि मग... चाकं घासायला घ्यायचा.

इकडे घरी वडील, नरहर गुरुजी, निवृत्त मास्तर, एका स्थळाबद्दल बोलू लागले होते. मुलगा अमरावतीचा, रविवारी पाहायला येणार. आणि अस्मिताच्या मनात एकच गोष्ट टोचत होती. हा माणूस प्रत्येक डबा अर्धा सोडतो. आपल्यालाही असाच फळीवर ठेवून देणार काय, नंतर म्हणून?

मग तिनं एक बेत केला. गार्डचा डबा दोन दिवसांसाठी मागून घेतला. तो देताना धास्तावला होता, पण दिला. घरी बसून, दातांना रंग द्यायच्या केसाएवढ्या ब्रशनं, तिनं तो रंगवला. तांबडा नव्हे. तुरीच्या पानासारखा गर्द हिरवा. मुद्दामच. तो बघेल आणि म्हणेल, मालगाडी कधी हिरवी असते काय? आणि मग ती म्हणणार होती, "आपली असते." त्या 'आपली'ची तिनं आरशासमोर तालीमही केली होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं डबा त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो उजेडाकडे नेला. दार पाहिलं, कड्या पाहिल्या, कडेवरून हळूच अंगठा फिरवला. त्याचे डोळे भरून आले.

"अगदी तसाच," तो म्हणाला. "मालगाडीचा तांबडा. असाच पाह्यजे होता मले."

अस्मिता हसायच्या तयारीत होती. तो आता हसेल, मग आपण... पण तो हसला नाही. तो खरंच बोलत होता.

दांडीचा रंग न पाहता नंबर पाहणारा तो. बोरं दाबणारा तो. राखाडी डबे, आणि चिकटपट्टीही न काढलेला सिग्नल. सगळं एकाच वेळी तिच्या ध्यानात आलं, आणि आपण केलेल्या थट्टेची तिला लाज वाटली.

"धनंजय," ती हळू म्हणाली, "हा... हिरवा आहे."

त्यानं डबा रुळावर ठेवला. नीट, चाकं बसतील असा. मग खाटेवर बसला.

त्यानं सगळं सांगितलं. लहानपणापासून गाडी चालवायचीच, हे एकच वेड. रेल्वेची परीक्षा दिली, पास झाला, अल्लीपुरात पेढे वाटून झाले. मग डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. बाकीची पोरं आकडे वाचून पुढे गेली. याला नुसते ठिपकेच दिसले. लाल आणि हिरवा त्याला वेगळे दिसत नाहीत, हे त्याला तिथे, त्या टेबलासमोर कळलं. गावात सांगितलं, नंबर लागला नाही. खरं फक्त वडिलांना माहीत.

"बाटलीवर रंगाचं नाव असते," तो म्हणाला. "पन लावल्यावर बरोबर झाला का नाई, ते कोणाले तरी विचारा लागते. आन विचारलं का सांगा लागते."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू तर रंगाचंच खाते." तो म्हणाला. "डॉक्टर म्हणे, हे पुढं जाते. पोरीतून तिच्या पोरात. तुले विचाराच्या आधी हे सांगाचं होतं, आन हे सांगाची हिंमत होत नव्हती. म्हणून विचारलंही नाई."

खाली यशोदाबाईंच्या कपबशा वाजत होत्या. अस्मिताला राग आला होता, त्याचा नाही, ठिपक्यांच्या त्या पुस्तकाचा. आणि इतक्यातही तिचा चौकसपणा काही गप्प बसेना.

"मंग मी कशी दिसते तुले?"

त्यानं वर पाहिलं. "ओढणीचा रंग विचारशील तर फसेन. पन तू काही पाहाले वाकली का श्वास रोखते. पहिल्या दिवशी शिडी पाहताना रोखला होता. ते... मले कुठूनही दिसते."

अस्मिता फळीकडे वळली. तिनं फळीच्या कोपऱ्यातलं ते बंद खोकं उचललं.

"हे मी नेते," एवढंच म्हणाली आणि जिना उतरली. तो मागे आला नाही. जाताना वळून पाहिलं असतं तर त्याचा चेहरा पाहून तिथेच थांबली असती, म्हणून तिनं पाहिलं नाही.

घरी तिनं वडिलांना रविवारच्या पाहुण्यांना नको म्हणायला सांगितलं, आणि कारणही सांगितलं. काही न वगळता. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"पोरगा खरं बोलते काय?" त्यांनी विचारलं.

"उशिरा बोलते," अस्मिता म्हणाली. "पन खरं बोलते."

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अमरावतीला फोन लावायला उठले.

सिग्नल बांधायला तिला वाटलं होतं त्याच्या दुप्पट वेळ लागला. दातांचं काम करणारे हात, पण डिंकानं दोन बोटं एकमेकांना चिकटली, शिडी वाकडी बसली, खांबावर अंगठ्याचा ठसा उमटला तो निघेना. तेव्हा कुठे तिला कळलं, की त्या एकेका डब्यात त्याच्या किती संध्याकाळी गेल्या असतील.

सिग्नल पुरा झाला तेव्हाच ती यशोदाबाईंकडे गेली; मधल्या दिवसांत तिकडे फिरकली नव्हती. यशोदाबाईंनी दार उघडलं आणि वर बोट दाखवलं. पोरगं जेवत नाही, असं त्यांचा चेहराच सांगत होता.

धनंजय टेबलाशी होता. समोर काहीच नव्हतं. तिला पाहून उठला आणि उभाच राहिला.

तिनं सिग्नल फळीवर, मालगाडीच्या पुढ्यात ठेवला. खांब, वाकडी शिडी, वर आडवा हात. बुडातून एक काळा दोरा बाहेर आलेला. हातापलीकडच्या, दिव्यापुढे येणाऱ्या लाल आणि हिरव्या अशा दोन्ही काचा तिनं रंगवल्याच नव्हत्या.

"काचा राहिल्या," तो म्हणाला. सवयीनं.

"राहू दे. दिव्याकडं पाहूच नको," ती म्हणाली. "हाताकडं पाहा. हाताले रंग लागत नाई."

तो पाहू लागला. हात आडवा होता. थांबा.

"आता विचार, काय विचाराचं आहे ते. आज 'नंतर' चालणार नाई."

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "डबे मी बांधीन," तो म्हणाला, आणि अडखळला. "रंग तू... म्हणजे, जन्मभर मले सांगत बसा लागन तुले. कोणतं बोर पिकलं, कोणता शर्ट कशावर. चालन काय तुले? लगन करशील काय माझ्याशी?"

अस्मितानं दोरा ओढला. सिग्नलचा हात खाली आला.

तो खाली वाकला. अगदी जवळ जाऊन बघत राहिला, पहिल्या दिवशी ती शिडी पाहायला वाकली होती तसा. मग बोटाच्या टोकानं खांबाचं बूड चाचपलं.

"दोरा सोडला का हा आपोआप वर जाईन," तो म्हणाला. "खऱ्या सिग्नलचंही असंच असते. तार सुटली का हात आडवा."

"मले मालूम आहे. मीच बांधला ना," अस्मिता म्हणाली, आणि दोरा बोटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरला. "म्हणून तर मी सोडत नाई."