पोचूची हाजिरी

रविवारी सकाळी पोचू कुमरेची हाजिरी आली, आणि नूरुद्दीनचा चहाचा कप ओठांशीच थांबला.

पोचूची हाजिरी येण्यात नवल काहीच नव्हतं. पोचू लंकेच्या लढाईत, जाफन्याबाहेरच्या एका नारळीच्या बागेत, सोबती देवाजीच्या मांडीवर डोकं ठेवून गेला होता. तेव्हापासून त्यांच्या सेक्शनची, त्या लहान तुकडीची, हाजिरी झाली की पोचूच्या नावाला देवाजी ओ द्यायचा. पलटणीत होते तोवर तोंडी, घरी आल्यावर पोस्टकार्डावर, मग गावच्या एसटीडीवरून, आणि आता दर रविवारी मोबाईलवर आवाज पाठवून. आधी "पोचू कुमरे, हाजिर." मग दम घेऊन, "देवाजी गुरनुले, हाजिर."

नूरुद्दीन धरून सेक्शनमधले पाचजण उरले होते. सगळ्यांचे आवाज आले की झिंगू मडावी "सेक्शन पूरा" म्हणून हाजिरी बंद करायचा. कुणी राहिला तर तो अशा शिव्या घालायचा की आबिदा, नूरुद्दीनची बायको, फोनवर उशी ठेवायची.

त्या रविवारी देवाजीचा आवाज आला, "पोचू कुमरे, हाजिर." आणि तिथंच संपला. देवाजीनं स्वतःची हाजिरी दिलीच नाही. मागोमाग झिंगूचा आवाज आला, "सेक्शन पूरा."

नूरुद्दीननं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. देवाजीला फोन लावला, तो बंद. मग झिंगूला लावला. देवाजी आणि झिंगू एकाच गावचे, भामरागडच्या पलीकडे जांभूळटोल्याचे.

"देवाजी आल्लापल्लीले डोळे दाखवाले गेला," झिंगू म्हणाला. "तिकडंच अडकला. तू काऊन घाबरून राह्यला? अन् येऊ नको. नदी चढून राह्यली."

येऊ नको म्हटल्यावर घरी बसला तर तो नूरुद्दीन कसला. वडशातलं आपलं मोटर वाइंडिंगचं दुकान त्यानं बंद केलं, दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधला आणि गाडी पकडली.

भामरागडला तो सोमवारी पोचला. त्याच्या गाडीमागे पुलावर पाणी चढलं. ठाण्यावरून जाताना त्याचे पाय घुटमळले, पण आत जाऊन सांगणार काय? मित्र दोन शब्द कमी बोलला म्हणून? तो पुढे निघाला. जांभूळटोल्याचा नाला त्यानं कमरेइतक्या पाण्यातून ओलांडला, आणि काठावर बसून मागं पाहिलं तर ज्या दगडावर शेवटचा पाय ठेवला होता तो दिसेनासा झाला होता. फोनचा टॉवरही पुरात बंद पडला होता. पुढं जंगल, मागं नाला. आत यायला वाट होती, बाहेर जायला उरली नव्हती.

गावात शिरताना डाव्या हाताला झिंगूची धानाची बांधी, बांध घातलेलं शेत, लागते. बांधावर हातभर उंचीच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, आणि प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला होता. खुंट्यांना ना दोरी, ना तार. नूरुद्दीननं पाहिलं आणि तो पुढे गेला.

रुखमाबाई, देवाजीची बायको, त्याला बघून रडलीच. चहा ठेवता ठेवता तिनं सांगितलं की नवरा शुक्रवारी सकाळी गेला, तो अजून आलेला नाही.

"कुठी जातो म्हणे, वहिनी?"

"भामरागडले. धुतलेला शर्ट घातला, दाढी केली."

"आल्लापल्लीले नाई?"

"मले तं भामरागडच सांगतलं. मंग सांजच्याले झिंगूभाऊ आले. म्हणे त्यायचा फोन आल्ता, आल्लापल्लीले डोळे दाखवाले गेले."

"तुमाले नाई केला फोन?"

"घरात एकच फोन, भाऊ. तो त्यायच्याच खिशात."

देवाजीचा चष्मा कोनाड्यात होता. डोळे दाखवायला जाणारा माणूस चष्मा घरी ठेवून जाईल का? नूरुद्दीननं तो उचलला, पुसला आणि परत ठेवला. मग त्यानं विचारलं, त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं.

गावात माती झाली होती. गुरं राखणारा वारलू नाल्यात सापडला होता. बुडाला, असं सगळे म्हणाले. त्याला आंघोळ घालणाऱ्यांत देवाजी होता. "घरी आले तं जेवले नाई," रुखमाबाई म्हणाली. "भाकर तशीच राह्यली. म्हणे वारलूच्या पायाले काळा चटका होता."

भाकर, कारण साखरेच्या दुखण्यानं देवाजीनं भात सोडला होता. भाताच्या मुलखात भात न खाणारा माणूस म्हणून हाजिरीनंतर सगळे त्याची टर उडवायचे. रुखमाबाई त्याच्यासाठी चामोर्शीहून ज्वारी आणवायची.

देवाजीचा भाचा धनराज अंगणात मोटरसायकल पुसत होता. मोटरसायकल देवाजीची. धनराजनं डोळ्याला डोळा भिडवला नाही, आणि नूरुद्दीनच्या मनात पाल चुकचुकली.

"मामाशी भांडला होता म्हणे तू?"

"कोन म्हणते?"

"तुह्या कानाचा रंग म्हणते. कशावरून?"

धनराजनं फडकं पिळलं. "डुकरं धान खाते. मी म्हटलं, बांधावर करंट सोडू. गावात लोक सोडतेतच. मामा माह्या अंगावर आला. म्हणे माणूस मरन त्यानं."

"मंग सोडला?"

"नाई जी. मामाच्या शेतात मामाच्या मनाबाहेर कसा सोडन?"

"अन् गाडी तुह्याकडं कशी? मामा आल्लापल्लीले पायी गेला का?"

"गाडी शुक्रवारी झिंगूमामाच्या घरापाशी होती. सुरजनं आणून देल्ली. म्हणे मामा जीपनं गेले." सुरज म्हणजे झिंगूचा मुलगा. पोलीस भरतीत त्याचं नाव लागलं होतं, आणि सगळं गाव त्या कौतुकात होतं.

नूरुद्दीननं फोन काढून देवाजीची रविवारची हाजिरी ऐकवली. धनराजनं कान दिला, मग गोंधळून वर पाहिलं.

"आवाज मामाचा हाय. पण हा पोचू कोन?"

ज्या घरात हा पोरगा वाढला तिथं पोचूचं नावही त्याला माहीत नव्हतं. देवाजी ती हाजिरी घरामागं फणसाखाली, एकटाच उभा राहून द्यायचा. नूरुद्दीननं धनराजच्या खांद्यावर हात ठेवला. हा पोरगा संशयातून सुटला, आणि त्याची जागा ज्यानं घेतली त्याचं नाव नूरुद्दीनला स्वतःशीही उच्चारवेना.

झिंगूनं त्याला मिठी मारली. तीच पोलादी मिठी. त्यानं नूरुद्दीनला देवाजीकडं मुक्कामाला जाऊच दिलं नाही, पाणी उतरेपर्यंत इथीच राह म्हणाला. झिंगूची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात बापलेकच. त्यानं ताटात भात वाढला, वरून वरण ओतलं आणि लंकेतल्या जुन्या गोष्टी काढल्या. हसला मात्र एकदाही नाही.

चुलीच्या कडेला फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. मांजरानं फडकं ओढलं. खाली भाकरी होत्या, ज्वारीच्या, जाड, कडेला करपलेल्या, मधे कच्च्या. भाकरी थापायची सवय नसलेल्या हातानं थापलेल्या. झिंगूनं फडकं परत ओढून घेतलं आणि भात घे म्हणाला.

अंगणापलीकडं धानाचा कोठा होता. त्याच्या दाराशी सुरज बसला होता, मांडीवर कुऱ्हाड. नूरुद्दीननं सहज विचारलं की पोरगा तिथं काय करून राह्यला. झिंगू म्हणाला, उंदीर झाले.

उंदरांसाठी कुऱ्हाड. नूरुद्दीननं ताट बाजूला सारलं. आपल्या जिवाची त्याला भीती वाटली, हे खरंच. पण त्याहून जास्त भीती वाटली ती आपला तर्क खरा निघण्याची. या माणसानं त्याला एकदा गोळ्यांच्या पावसातून पाठीवर टाकून आणलं होतं.

सकाळी नाला तसाच भरलेला होता. नूरुद्दीननं रुखमाबाईला आणि धनराजला झिंगूच्या अंगणात बोलावून घेतलं. सुरज दाराशी होताच. झिंगू खाटेवर बसला. नूरुद्दीन मात्र उभाच राहिला.

"झिंग्या, मले माहीत आहे देवाजी कुठी आहे," तो म्हणाला. "तूच सांगशील म्हणून मी सकाळपर्यंत थांबलो."

झिंगू खाटेची सैल दोरी ओढू लागला.

"तं मीच सांगतो. वारलू बुडून नाई मेला. तुह्या बांधावर खुंट्या आहेत, खुंट्यांवर रबर. दोरी बांधाले रबर लागत नाई, करंटच्या तारेले लागते. वायरीतच माहा जन्म गेला. डुकरासाठी तार लावली, त्यावर वारलूचा पाय पडला. मंग त्याले नाल्यात टाकलं अन् तार काढून घेतली. खुंट्या उपटायच्या राहून गेल्या."

सुरज उठून उभा राहिला. कुऱ्हाड हातातच होती. धनराज एक पाऊल पुढं सरकला, पण नूरुद्दीननं त्याला हातानंच थांबवलं.

"देवाजीनं वारलूच्या पायाचा चटका पाह्यला. शुक्रवारी तो धुतलेला शर्ट घालून निघाला, ठाण्यात जायले. पण आपल्या माणसाले आधी तोंडावर सांगाचं, ही आपली रीत. म्हून तो वाटेत तुह्याकडं थांबला. गाडी तुह्या दारातच राह्यली."

"हे सारं धनराजले बी करता आलं असतं," झिंगू दबक्या आवाजात म्हणाला.

"मले बी आधी तेच वाटलं. पण ज्यानं कोंडलं, त्यानंच फोन धरून देवाजीकडून हाजिरी घेतली. देवाजीनं पोचूची देल्ली अन् स्वतःची गिळली. मले कळावं म्हून गिळली, मी माह्या जागी नाई. आता परका माणूस असता तं काय म्हणला असता? हा पोचू कोन, हे मिटव, तुहं नाव बोल. धनराजले पोचू ठाऊकच नाई. तुले ठाऊक होता. ते मिटवणं तुह्या हातून झालं नाई. मेलेल्याची हाजिरी अडवाले तुहं मन धजलं नाई, झिंग्या. म्हून ती माह्यापर्यंत आली."

रुखमाबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

"अन् वरतून तू म्हटलं, सेक्शन पूरा. एकाची राह्यली तं आभाळ डोक्यावर घेणारा तू. यावेळी शिवी नाई, विचारणा नाई. तुले माहीत होतं देवाजी कुठी आहे. तुह्या हिशेबात सारेच होते. तुह्या घरात भात शिजते, मंग त्या करपलेल्या भाकरी कोनासाठी?"

झिंगूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नूरुद्दीन कोठ्याकडं वळला, पाय जोडून ताठ झाला, आणि गुडघा ठणकत असतानाही कवायतीच्या आवाजात त्यानं पुकारलं.

"पोचू कुमरे."

दाराआडून खरखरीत आवाज आला. "हाजिर."

"देवाजी गुरनुले."

मग तोच आवाज, भरून आलेला. "हाजिर."

रुखमाबाई दाराकडं धावली. सुरजच्या हातातली कुऱ्हाड आपोआप खाली गेली. तो बापाकडं पाहत राहिला, आणि झिंगूनं कमरेची किल्ली काढून जमिनीवर टाकली.

देवाजी भिंत धरत बाहेर आला. उजेडानं डोळे मिचकावले. पाय सुजले होते, दाढी वाढली होती, धुतलेला शर्ट मातीनं माखला होता. त्यानं आधी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, मग झिंगूकडं पाहिलं.

"भाकर कच्ची राहाची बे," तो म्हणाला. "पण तू थापून राह्यला, हे मले आतून ऐकू याचं."

मग झिंगू बोलला. तार सुरजनं लावली होती, आकडा टाकून. पहाटे वारलू पडलेला दिसला, तेव्हा पोरगा रडत त्याच्याकडं आला. भरतीत नाव लागलेलं, आता सगळंच जाणार. देवाजी म्हणाला, पोराला स्वतःहून ठाण्यात ने, मी संगं येतो. झिंगूनं हातापाया पडून पाहिलं. देवाजी हलेना. "मंग मी कडी लावली," झिंगू म्हणाला. "पाणी उतरलं की सुरजले तेलंगणात धाडतो अन् याले सोडतो, असं मनाशी धरलं. पाणी उतरे ना. तो आत अन् मी बाहेर, दोघंबी अडकलो. मारावं, असं एका डावबी मनात नाई आलं, नूऱ्या. पोचूची आन."

"माहीत आहे," नूरुद्दीन म्हणाला. "पण वारलूच्या बायकोले काय सांगाचं, ते तुले बोलावं लागन."

पाणी उतरलं, तेव्हा झिंगू आणि सुरज आपल्या पायांनी ठाण्याकडं निघाले. वाटेत वारलूचं घर लागलं. झिंगू तिथं आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याला चालताना पोराचा आधार घ्यावा लागला. देवाजी शब्दाला जागून संगं गेला, पुन्हा धुतलेल्या शर्टात. फिर्याद त्यानं स्वतःच्या तोंडानं दिली, त्यात एकही गोष्ट वगळली नाही.

पुढच्या रविवारी नूरुद्दीन वडशातल्या घरी फोन पुढ्यात घेऊन बसला. आबिदानं सवयीनं उशी जवळ ठेवली, मग उचलून नेली. शिव्या देणारा आज कोठडीत होता. चामोर्शीच्या गड्याची हाजिरी आली, नागभीडच्या गड्याची आली, नूरुद्दीननं आपली दिली. मग देवाजीचा आवाज.

"पोचू कुमरे, हाजिर."

दम घेतल्याचा आवाज.

"देवाजी गुरनुले, हाजिर."

आवाज तिथं संपायला हवा होता. संपला नाही. मागं फणसावर पाखरं ओरडत होती.

"झिंगू मडावी," देवाजी म्हणाला, आणि पुढचा शब्दही त्यानंच म्हटला. "हाजिर."

नूरुद्दीननं डोळे पुसले. हाजिरी बंद करायचं काम त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. त्यानं बटण दाबून धरलं.

"सेक्शन पूरा."