गरम आहे तोवर

कावेरीने समोरच्या खोलीचं दार कोपराने ठोठावलं, कारण तिचे दोन्ही तळवे तुपाने आणि तिळाने माखले होते. दार उघडलं. घाईघाईत शर्ट चढवलेला एक सावळा तरुण, शर्टाचं एक बटण चुकलेलं, तिच्याकडे बघतच राहिला.

"मी... समोरची," ती धापा टाकत म्हणाली. "हात मागायला आलेय."

 मागे गॅसवर त्याचा चहा उतू गेला, तरी त्याने वळून पाहिलं नाही.

"म्हणजे तुमचे! दोन्ही!" आणि आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येताच तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "लाडू वळायला हो! तिळाचे... गार व्हायला लागलंय सगळं."

"ब्रेकडाउन कॉल आहे म्हणा की," तो म्हणाला, आणि चहाचा गॅस बंद करून अनवाणीच तिच्यामागे आला.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या संक्रांतीची. कावेरी नाशिकची, सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका सूत कारखान्यात क्वालिटीला नुकती लागलेली. सगळ्या डिपार्टमेंटला घरचा तिळगूळ द्यायचा, असं तिने मोठ्या तोऱ्यात ठरवलं होतं. नाशिकला आई, काकू, आत्या अशा सगळ्या कढईभोवती बसायच्या, तेव्हा लाडू कसे आपोआप वळले जायचे. सिल्वासातल्या भाड्याच्या खोलीत मात्र तिळाचा ढीग आणि ती एकटी. चिकीच्या गुळाचा पाक काही माणसासाठी थांबत नाही. गरम आहे तोवर वळायचं, नाहीतर हात चोळत बसायचं.

नवनाथ चाळीसगावकडचा, जवळच्याच खडोली गावातल्या कारखान्यात मेंटेनन्सला. लाडू त्याने जन्मात वळले नव्हते. त्याचा पहिला लाडू लिंबाएवढा झाला, दुसरा आवळ्याएवढा आणि तिसऱ्याला तर आकारच नव्हता.

"हा रिजेक्ट," कावेरी म्हणाली.

"मंग रिजेक्ट मालाचं काय करता तुम्ही?"

"परत पाठवतो."

"बरं," म्हणत त्याने तो तोंडात टाकला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाला, "लई भारी झालाय हो मॅडम."

ती खळखळून हसली. घर सोडल्यापासून इतकं मोकळं ती पहिल्यांदाच हसत होती, आणि हे तिचं तिलाच जाणवलं. रात्री फोनवर आईला हात मागितल्याचं सांगतानाही ती हसतच होती.

पुढे वर्ष कसं गेलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघता बघता चहा होऊ लागला. रविवारी दमणगंगेच्या काठाने चालणं होऊ लागलं. तिच्या पंख्याची घरघर त्याने दोनदा घालवली. तिसऱ्यांदा पंखा मुळी बिघडलाच नव्हता, आणि ते त्यालाही कळलं होतं. ती केव्हाच 'तू'वर आली. तो मात्र 'मॅडम' आणि 'तुम्ही'ला चिकटून बसलेला. बोलायचा गोड, वागायचा गोड, पण जे एक वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते काही त्याच्या तोंडून निघेना.

आणि डिसेंबरात तिला नाशिकच्या नोकरीचा फोन आला. चांगली नोकरी, आईबाबांच्या जवळ. तिने चहाच्या टपरीवर त्याला सांगितलं, आणि तो म्हणाला, "अरे वा! चांगलं झालं की!"

त्या रात्री ती जेवली नाही.

आज पुन्हा संक्रांत. महिनाअखेर ती जाणार, म्हणून हा निरोपाचा तिळगूळ. नवनाथ कोपरापर्यंत हात धुऊन आलेला. गच्च्यांवर स्पीकर लागलेले, पतंग कटला की 'काप्यो छे!'चा एकच गिल्ला. पाकाचा थेंब पाण्यात टाकून कावेरीने गोळी बघितली, भाजलेले तीळ आणि दाण्याचं कूट ओतलं, कढई खाली उतरवली. दोघं समोरासमोर बसले. आता त्याचे लाडू एकसारखे येत होते. एकही रिजेक्ट नव्हता, आणि त्याचंच तिला रडू येऊ लागलं.

"पहिला तू घे," तिने लाडू पुढे केला. "आणि गोड बोल, असं मी काही म्हणणार नाही. वर्षभर गोडच बोलतोयस तू."

"मंग काय बोलू?"

"खरं."

त्याचे हात थांबले. अर्धा वळलेला लाडू तसाच मुठीत.

"मॅडम... मिश्रण गार होतंय."

"होऊ दे."

बाहेर कुणाचा तरी पतंग कटला. 

"त्या दिवशी चांगलं झालं म्हटलं," तो खाली बघत म्हणाला, "आणि घरी येऊन नुसता बसून राहिलो. जाऊ नका म्हटलं असतं आणि तुम्ही थांबला असता तर? जन्मभर वाटलं असतं, मीच अडवलं."

"मी थांबले नसते."

"नसता?"

"नाही. नोकरी मला हवीच आहे. पण नवनाथ... म्हणायला तर हवं होतंस!" तिने उलथनं कढईत खुपसलं. "कुणाला तरी मी इथे हवी होते, एवढं तरी घेऊन गेले असते ना मी!"

त्याने मुठीतला लाडू ताटात ठेवला. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आमच्या गावाकडची गाडी नाशिकवरूनच जाते. इतकी वर्षं झोपून जायचो. आता... मधे उतरलो तर चालंल?"

"कशाला उतरशील?"

"गेल्या वर्षी तुम्ही माझे हात मागितले होते." त्याने तिळाने माखलेला तळवा पुढे केला. "आता मला तुझा पाहिजे."

'तुझा.' कावेरीने तो शब्द नीट ऐकला. मग आपला तुपकट हात त्याच्या हातात ठेवला.

"तो आईबाबांकडे मागायचा असतो," ती पुटपुटली.

"त्यांच्याकडं मागतोच. आधी तुला नको का विचारायला?"

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. आई. कावेरीने करंगळीने स्पीकर लावला.

"काय गं, वळले का लाडू?"

दोघांनी कढईकडे बघितलं. मिश्रण कढईत घट्ट बसलेलं, उलथनं त्यात उभंच्या उभं रुतलेलं.

"नाही गं आई. दगड झालाय नुसता."

"अगं, मग घाबरतेस काय? मंद आचेवर ठेव, परत सैल पडेल. पण एकटीने होणार आहे का ते?"

"एकटी नाहीये." कावेरीने नवनाथकडे बघितलं. त्याने मान डोलावली. "आई... एकजण हात मागायला येणार आहे आपल्याकडे."

"गेल्या वर्षी तू मागितलेस तसे? लाडवांसाठी दोन्ही?"

"नाही," कावेरी म्हणाली. "या वेळी एकच."